गंगेने हस्तिनापूर वाहून नेले: हा श्लोक पुरावा म्हणून कितपत चालतो?

पोथीवाला
पुराणांच्या भविष्यवंशात, म्हणजे पुढे होणाऱ्या राजांच्या यादीत, एक श्लोक येतो:

गङ्गयापहृते तस्मिन् नगरे नागसाह्वये ।
त्यक्त्वा निचक्षुर्नगरं कौशाम्ब्यां स निवत्स्यति ॥

गंगेने हस्तिनापूर वाहून नेल्यावर निचक्षू ते नगर सोडून कौशांबीला राहील, असा अर्थ. निचक्षू हा परीक्षितानंतरचा पाचवा राजा. १९५०-५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी हस्तिनापूरला उत्खनन केले. तिथे चित्रित करड्या मृत्पात्रांच्या, म्हणजे उत्खननवाले ज्याला पीजीडब्ल्यू म्हणतात त्या थराच्या शेवटी पुराने वस्ती कापून नेल्याच्या खुणा मिळाल्या. नदीच्या जुन्या पात्रात भोके पाडून पाहिले तेव्हा वाहून गेलेल्या वस्तीच्या मातीचे गोळेही सापडले. त्यानंतर बराच काळ ती जागा ओस होती.

प्रश्न असा: इतके जुळत असेल तर श्लोक इतिहास म्हणून धरायचा का? आणि हा धरला, तर त्याच वंशावळीत पाच पिढ्या आधी असलेले युद्ध कोणत्या न्यायाने बाजूला ठेवायचे? माझ्या मते ग्रंथ सबंध खरा की सबंध खोटा हा वादच फोल आहे, प्रत्येक श्लोकाची परीक्षा वेगळी व्हायला हवी. ती परीक्षा कशी करायची, यावर जाणकारांनी लिहावे.

शिलालेखी
छान धागा. पहिली पायरी: श्लोक कुठल्या पुराणात आहे आणि पाठभेद काय आहेत. कलियुगातल्या राजवंशांचे मत्स्य, वायू, ब्रह्मांड, विष्णू आणि भागवत यांतले पाठ पार्जिटर या इंग्रज संशोधकाने १९१३ मध्ये शेजारी शेजारी ठेवून छापले. या कामाला अजून तेच हाताशी घ्यावे लागते.

या ठिकाणी राजाचे नाव डळमळीत आहे. कुठे निचक्षू, कुठे विवक्षू, भागवतात चक्क नेमिचक्र. पण 'नदीने नगर नेले, राजा कौशांबीला गेला' ही घटना सगळीकडे तीच. नाव नकलताना बिघडते, अक्षरे सारखी दिसली की हमखास बिघडते. घटना मात्र सगळ्या शाखांत टिकली, म्हणजे त्या शाखा फुटण्याआधीच ती मजकुरात होती. एवढेच यातून सिद्ध होते. घटना खरी घडली हे अजून सिद्ध झालेले नाही.

दुसरे, हा श्लोक यादीत कुठे आहे ते बघा. वायू आणि मत्स्यात निचक्षूचा बाप अधिसीमकृष्ण हा 'सांप्रत', म्हणजे आत्ता, राज्य करणारा राजा आहे. अयोध्येचा दिवाकर आणि मगधाचा सेनाजित हेही 'सांप्रत'. त्यापुढचे सगळे भविष्यकाळी. म्हणजे या तीन राजांच्या काळात कथन चालले आहे अशी मांडणी केली आणि पुढच्या याद्या भविष्य म्हणून जोडत नेल्या. निचक्षू या जोडाच्या अगदी पहिल्या टाक्यावर बसतो.

खापरी
पूर या पुराव्याला जरा जपून. गंगेकाठच्या गावाला पूर येणे ही विरळ गोष्ट नाही, आणि खापरांवर राजाचे नाव लिहिलेले नसते. लाल यांनी हा थर इ.स.पू. सुमारे ११०० ते ८०० असा धरला तो थरांची जाडी आणि खापरांचा क्रम यांवरून. कार्बन चाचणी तेव्हा नुकती कुठे सुरू झाली होती.

या थरातली घरे कुडाची आणि मातीची आहेत. प्रासाद, सभा, तटबंदीचे महानगर यातले काही नाही. म्हणून हस्तिनापूर नव्हते असे नाही. सुताच्या, म्हणजे ही कथा गाणाऱ्याच्या, तोंडी राजधानीचे जे वर्णन आले ते त्याने स्वतः पाहिलेल्या, पुढच्या काळातल्या शहरांवर बेतलेले असावे. म्हणून एकाच श्लोकात गावाचे नाव जुने आणि गावाचे रूप नवे, असे बऱ्याचदा आढळते. दोन्ही वेगळे काढून तपासावे.

अनुष्टुभ
महाभारताचा कोणताही श्लोक वापरण्याआधी भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे हस्तलिखिते ताडून ठरवलेला पाठ, उघडा. १९१९ ला काम सुरू झाले, सुकथनकरांनी १९२५ मध्ये सूत्रे घेतली, १९६६ ला पूर्ण झाले. १,२५९ हस्तलिखिते जमवली गेली. ती वापरायची रीत थोडक्यात:

पानाच्या वरच्या भागात स्वीकृत पाठ असतो. एखाद्या अक्षराखाली नागमोडी रेघ असेल तर तिथे संपादकालाच खात्री नाही, त्या शब्दावर डोलारा उभारू नका. खाली पाठभेद, हस्तलिखितांच्या खुणांसह: शारदा, नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ (ही तमिळ प्रदेशातली लिपी), मल्याळी. तारांकित ओळी म्हणजे थोड्या हस्तलिखितांतच असलेली भर. लांबलचक भर परिशिष्टात जाते. काश्मीरकडचा शारदा पाठ आणि केरळचा मल्याळी पाठ, ही दोन टोके जिथे एकमेकांशी जुळतात तो मजकूर सगळ्यात भरवशाचा, कारण त्यांनी एकमेकांकडून उचलण्याची शक्यता कमी.

या चाळणीतून काय गळते ते पाहा. व्यासांचा लेखक म्हणून गणपती येतो तो भाग गळतो. स्वयंवरात द्रौपदी 'सूताला वरणार नाही' म्हणते ती ओळ गळते. विराटपर्वातले दुर्गास्तोत्र गळते. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे तर स्वीकृत पाठात नाहीच. यावर समाजेतिहासाचे किती लेख उभे आहेत!

तोकुनागा यांनी संगणकावर आणलेला आणि जॉन स्मिथ यांनी तपासलेला पाठ शोधायला सोयीचा आहे. पण तळटिपांसाठी छापील खंडांची पाने बघायलाच हवीत.

ग्रहगोल
सगळे खापरांत आणि पाठांत अडकलेत. ग्रहस्थिती खोटे बोलत नाही. भीष्मपर्वात शनी, गुरू, ग्रहणे, तेराव्याच दिवशी आलेली अमावास्या, अरुंधती वसिष्ठाच्या पुढे गेल्याचा उल्लेख, इतके स्पष्ट दिले आहे. संगणकावर आकाश मागे फिरवा, तारीख मिळते. शिवाय कर्नाटकातल्या ऐहोळेच्या लेखात रविकीर्ती या कवीने शके ५५६ मध्ये भारतयुद्धाला ३,७३५ वर्षे झाली असे कोरून ठेवले आहे. हा तर शिलालेख आहे, शिलालेखी काय म्हणतात?

वेधशाळा
ग्रहगोल, आकाश मागे फिरवून बघायलाच हवे, पण त्यात कुठे पाय घसरतो ते क्रमाने लिहितो.

एक, माहिती आपसात जुळत नाही. भीष्मपर्वाच्या दुसऱ्या अध्यायात 'रोहिणीं पीडयन्नेष स्थितो राजन् शनैश्चरः' आणि लगेच तिसऱ्यात 'विशाखयोः समीपस्थौ बृहस्पतिशनैश्चरौ'. रोहिणी आणि विशाखा आकाशात जवळजवळ समोरासमोर आहेत. शनीला राशिचक्र पुरे करायला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जायला चौदाएक वर्षे. दोन्ही विधाने एका वेळी खरी धरता येत नाहीत. तारीख काढणारा एक ठेवतो आणि दुसऱ्याला 'दृष्टी', 'वेध' असे म्हणून वळवतो. कोणते ठेवायचे यावर तारीख ठरते. म्हणूनच इ.स.पू. ५५६१ पासून इ.स.पू. ३०६७ पर्यंत उत्तरे आली आहेत, आणि प्रत्येक जण संगणकाचाच हवाला देतो.

दोन, शनी-गुरूची जोडी सुमारे साठ वर्षांनी त्याच भागात परत येते. ही खूण एकटी घेतली तर तीन हजार वर्षांत पन्नास तारखा मिळतील.

तीन, ग्रहणे. पृथ्वीची स्वतःभोवती फिरण्याची गती हळूहळू मंदावत आली आहे. त्यामुळे आजच्या घड्याळाने मागे जाताना इ.स.पू. १००० ला सुमारे ७ तासांचा आणि इ.स.पू. ३००० ला सुमारे २० तासांचा फरक धरावा लागतो. बाबिलोनच्या ग्रहणनोंदी इ.स.पू. आठव्या शतकापर्यंतच मदतीला येतात, त्यामागे सूत्र नुसते ताणलेले आहे. काही तासांची चूक झाली की कुरुक्षेत्रावर दिसलेले सूर्यग्रहण दुसऱ्याच खंडावर जाते. 'अमुक दिवशी दुपारी ग्रहण दिसले' असे त्या काळाबद्दल छातीठोक म्हणता येत नाही.

चार, भीष्मांचे उत्तरायण. 'अष्टपञ्चाशतं रात्र्यः' म्हणजे ५८ रात्री, आणि माघ लागलेला. अयनबिंदू, म्हणजे उत्तरायण लागते तेव्हाची सूर्याची जागा, नक्षत्रांमधून सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. त्या वर्षी अधिक मास कुठे धरला हे माहीत नसल्याने पंधरा दिवस इकडेतिकडे झाले, तर निकाल हजार वर्षांनी हलतो.

आणि एक साधी चूक, जी फार वेळा होते: आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत शून्य वर्ष असते, इतिहासाच्या कालगणनेत नसते. इ.स.पू. ३१०२ पाहायचे तर -३१०१ टाकावे लागते. एका वर्षात शनी बारा अंश पुढे जातो, म्हणजे जवळजवळ एक नक्षत्र.

शिलालेखी
ऐहोळेबद्दल. लेख अस्सल, शके ५५६ म्हणजे इ.स. ६३४-३५ हेही पक्के. पण तो सातव्या शतकात लोक काय मानत होते याचा पुरावा आहे. ३,७३५ मधून ६३४ वजा केले की इ.स.पू. ३१०२ चे कलियुग निघते. तेच आर्यभटाकडे आहे: कलीची ३,६०० वर्षे झाली तेव्हा आपण २३ वर्षांचे होतो असे तो सांगतो, म्हणजे इ.स. ४९९. या आरंभाला सगळे ग्रह एकत्र असायला हवेत. आजच्या गणिताने ते सुमारे चाळीस अंशांत विखुरलेले दिसतात. म्हणजे हा क्षण पाहून नोंदलेला नाही, गणिताने मागे जाऊन मिळवलेला आहे.

तेव्हाही यावर एकमत नव्हते. वराहमिहिराने 'षड्द्विकपञ्चद्वियुतः' म्हणत युधिष्ठिर शकाच्या २,५२६ वर्षे आधी ठेवला, आणि राजतरंगिणीकार कल्हणाने त्याच आधाराने कलीची ६५३ वर्षे उलटल्यावर कुरु-पांडव झाले असे लिहिले. दोन्ही हिशेब इ.स.पू. २४४९ च्या आसपास येतात. ऐहोळेशी साडेसहाशे वर्षांचा फरक.

गणिती
सैन्यसंख्येचा कोणी विषय काढला नाही म्हणून लिहितो. पत्ती म्हणजे एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ. ती सात वेळा तिप्पट करत नेली की अनीकिनी, २,१८७ रथ. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी: २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडे, १,०९,३५० पायदळ. अठरा अक्षौहिणी म्हणजे ३,९३,६६० हत्ती. एका हत्तीला दिवसाला दीडशे किलो चारा धरला तर रोज ५९,००० टन. कुरुक्षेत्राच्या परिसरातून अठरा दिवस इतका चारा निघणे शक्य नाही.

हा आकडा हजेरीपटातून आलेला नाही, तिपटीच्या पाढ्यातून आलेला आहे. त्याला इतिहास म्हणून तपासणेही चूक आणि 'खोटा' म्हणून हिणवणेही चूक. त्यातून मिळते ती सैन्यरचनेच्या परिभाषेची माहिती, आणि तीही मोलाची आहे.

तिरण्हू
धागा वाचनखुणांत टाकला. :)
स्थाननामांबद्दल थोडे. नाशिकच्या पांडवलेण्यांचे उदाहरण घ्या. लोकांत पांडवांची म्हणून प्रसिद्ध, पण आतले लेख सांगतात की तिरण्हू म्हणजे त्रिरश्मी डोंगरावर भिक्खूंसाठी ती कोरली. पांडवांचे नाव मागाहून चिकटले. भारतभर भीमकुंडे आणि सीतेच्या न्हाण्या आहेत, आणि त्यांवरून वनवासाचा नकाशा काढणारे हाच घोटाळा करतात.

तरीही त्याच डोंगरातल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, सातवाहन राजा पुळुमावीच्या १९व्या वर्षातला. त्यात तिच्या मुलाला, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीला, 'राम-केसव-अजुन-भीमसेन-तुल-परकम' (राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोडीचा पराक्रमी) म्हटले आहे. म्हणजे इ.स.च्या दुसऱ्या शतकात गोदावरीकाठी प्राकृत बोलणाऱ्या दरबारात ही मंडळी पराक्रमाचे माप म्हणून सर्वांना ठाऊक होती. गुहेच्या नावाने जे दिले नाही ते भिंतीने दिले.

शिलालेखी
तिरण्हू, तुम्ही सातवाहनांवर आणलेच आहे तर पुराणांची खरी परीक्षा तिथेच होते, कारण तिथे याद्यांच्या शेजारी दगड आणि नाणी आहेत.

संस्थापक: नाणेघाटात 'राया सिमुक सातवाहनो' स्वच्छ कोरले आहे. मत्स्यात तो शिशुक, वायूत सिंधुक, विष्णूत शिप्रक. माणूस खरा, नाव नकलांत झिजलेले. आपल्याला खरे नाव माहीत असल्यामुळे झीज किती होते याचे माप मिळते, आणि ते निचक्षू-विवक्षूला लावता येते.

राज्यवर्षे: मत्स्यात गौतमीपुत्राला २१ वर्षे आहेत, पण नाशिकच्या लेखात त्याचे २४वे वर्ष आहे. आकडा कमी पडला. नंतरच्या यज्ञश्री या सातवाहन राजाला काही पाठांत २९, काहींत १९. आंध्रातल्या चिन्न गंजामच्या लेखात त्याचे २७वे वर्ष आहे, म्हणजे १९ बाद. पाठभेद निवडायला दगड असा कामी येतो.

बेरीज: वायू, ब्रह्मांड, विष्णू आणि भागवत तीस राजे म्हणतात, पण वायूच्या बहुतेक पोथ्यांत वीसही नावे भरत नाहीत. एकूण वर्षे मत्स्यात ४६०, ब्रह्मांडात ४५६, वायूत ४११. शाखांतले राजे मुख्य ओळीत घुसल्याशिवाय असे होत नाही.

आणि नहपान, क्षहरात वंशाचा क्षत्रप! गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला हे बलश्रीच्या लेखात आहे. १९०६ मध्ये जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी मिळाली, त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्राचा ठसा पुन्हा मारलेला. इतकी मोठी घटना, आणि पुराणांच्या यादीत गौतमीपुत्र म्हणजे फक्त एक नाव आणि एक आकडा. पुराण गप्प आहे म्हणून घटना घडली नाही असे म्हणता येत नाही, हे यावरून शिकावे.

पोथीवाला
मग परीक्षित ते नंद हा जो आकडा दिलेला आहे, त्याचे काय? त्यावरून युद्धाचा काळ सरळ निघतो असे म्हणतात.

अनुष्टुभ
तो आकडाच सगळ्यात डळमळीत. 'यावत् परीक्षितो जन्म यावन्नन्दाभिषेचनम् । एतद्वर्षसहस्रं तु ज्ञेयं...' इथपर्यंत ठीक, पुढे कुठे 'पञ्चदशोत्तरम्' (१,०१५), कुठे 'पञ्चाशदुत्तरम्' (१,०५०), कुठे 'पञ्चशतोत्तरम्' (१,५००). भागवतात 'शतं पञ्चदशोत्तरम्', म्हणजे १,११५. छंद सगळ्यांत नीट बसतो, त्यामुळे कानाला चूक कळत नाही. नंद इ.स.पू. चौथ्या शतकाच्या मध्याला धरला तर युद्ध इ.स.पू. १९वे शतक ते १४वे शतक कुठेही जाते. पार्जिटरने म्हणून हा आकडा सोडला, राजे मोजले, सरासरी लावली आणि इ.स.पू. ९५० च्या आसपास आला. सरासरीतही फट आहे: पंचवीस राजांना १८ ऐवजी १४ वर्षे धरली तर शंभर वर्षे कमी होतात.

शिवाय एकाच वेळचे वंश एकामागे एक लावण्याची खोड. प्रद्योत हे उज्जयिनीचे, बुद्ध आणि बिंबिसाराच्या काळचे. पुराणांनी त्यांना मगधाच्या ओळीत शिशुनागांच्या आधी बसवले. बौद्ध साहित्य नसते तर हे कळलेच नसते.

सरस्वतीतीर
इथे सगळे पुराणांच्या चुका मोजताहेत, मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. वेदाचे पाठांतर अक्षर न् अक्षर टिकले. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात सुदासाचे दाशराज्ञ युद्ध आहे, परुष्णी नदीसकट. मौखिक परंपरेला इतका संशय का?

अनुष्टुभ
सरस्वतीतीर, वेदाबद्दल पूर्ण सहमत. पण वेदाला पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ अशी, म्हणजे तेच शब्द वेगवेगळ्या क्रमाने पाठ करून चूक पकडण्याची, कुंपणे होती. इतिहास-पुराण सूतांनी गायले, त्याला कुंपण नव्हते, आणि श्रोत्यांप्रमाणे वाढवण्याची मुभा होती. म्हणून वेदाला साक्षीदार करायचे आणि महाकाव्याची उलटतपासणी घ्यायची.

साक्ष अशी: अथर्ववेदाच्या कुंताप सूक्तात परीक्षिताच्या राज्यातली सुबत्ता आहे. ऐतरेय आणि शतपथ ब्राह्मणांत जनमेजय पारिक्षिताचा अश्वमेध आहे. बृहदारण्यकात 'क्व पारिक्षिता अभवन्', पारिक्षित गेले कुठे, असा प्रश्न आहे. काठक संहितेत धृतराष्ट्र वैचित्रवीर्य आहे, छांदोग्यात कृष्ण देवकीपुत्र. पाच पांडव मात्र वैदिक वाङ्मयात कुठेही नाहीत. पाणिनीकडे आल्यावर वासुदेव आणि अर्जुन यांच्या भक्तांसाठी प्रत्यय सांगणारे सूत्र मिळते (४.३.९८).

म्हणजे कुरूंचे राज्य, परीक्षित, जनमेजय यांना बाहेरचा आधार आहे. युद्धाला आणि पांडवांना तेवढा जुना आधार नाही. पोथीवाला यांनी सीमारेषा विचारली होती, ती मी इथे आखेन.

खापरी
यात उत्तर प्रदेशातली सिनौलीही येते. २०१८ मध्ये तिथे दफनांसोबत गाड्या मिळाल्या, चाके भरीव, तांब्याच्या त्रिकोणी तुकड्यांनी मढवलेली. काळ इ.स.पू. २००० च्या आसपास. लगेच 'महाभारतकालीन रथ' असे मथळे आले. घोड्याचे की बैलाचे यावरच वाद आहे, आणि आऱ्यांच्या चाकांचा वैदिक रथ म्हणजे वेगळी वस्तू. तो शोध स्वतःच्या काळासाठी फार मोठा आहे, त्याला महाकाव्याच्या दावणीला बांधायची गरज नाही.

द्वारकेच्या समुद्रातले दगडी नांगरही तसेच. त्या आकाराचे नांगर मध्ययुगापर्यंत वापरात होते. नुसत्या आकारावरून काळ ठरत नाही.

पोथीवाला
मग मूळ श्लोकावर परत येतो. आत्तापर्यंतच्या चर्चेवरून निचक्षूबद्दल काय लिहिता येईल?

शिलालेखी
माझ्या मते असे: 'कुरूंची राजधानी पुरानंतर हस्तिनापूरहून कौशांबीला गेली, ही आठवण सर्व पुराणशाखांत आहे. हस्तिनापूरला पीजीडब्ल्यू थराच्या शेवटी मोठा पूर आल्याचे उत्खननात दिसते. बुद्धाच्या काळी कौशांबीला राज्य करणाऱ्या उदयनाला याच वंशात गणले आहे.' तिसरे वाक्य महत्त्वाचे. स्थलांतराची कथा जपण्यात कौशांबीच्या राजांचा फायदा होता, आपण कुरूंचे वारस आहोत हे त्यातून ठरत होते. आठवण खरी असू शकते, आणि ती टिकण्यामागे कारणही असू शकते.

खापरी
त्यात एक जोडा. हस्तिनापूरच्या त्या थरातली शेवटची खापरे आणि कौशांबीची सर्वात खालची खापरे सारखी आहेत, असे लाल यांचे म्हणणे होते. कौशांबीच्या खालच्या थरांच्या काळावर मात्र उत्खननकर्त्यांत मतभेद आहेत. त्यामुळे दोन्ही जागच्या, फक्त त्या दोन थरांतल्या धान्याच्या जळक्या दाण्यांवर आजच्या पद्धतीने कार्बन चाचण्या हव्यात. लाकडाच्या कोळशावर नकोत, जुने लाकूड पुन्हा वापरलेले असले की तारीख मागे जाते.

ग्रहगोल
शनीचे दोन्ही श्लोक आत्ता चिकित्सक आवृत्तीत काढून पाहिले. दोन्ही स्वीकृत पाठात आहेत, तारांकित नाहीत. म्हणजे एकाला प्रक्षिप्त ठरवून सुटका नाही. वेधशाळा, मग भीष्मपर्वातली ही यादी ज्योतिषाच्या अंगाने न वाचता अथर्व परिशिष्टांतल्या उत्पातांच्या, म्हणजे अपशकुनांच्या, याद्यांशी ताडून पाहिली आहे का कुणी?

वेधशाळा
योग्य दिशा. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतले ग्रहचार आणि केतुचाराचे (ग्रह आणि धूमकेतू यांच्या गतीवरून फळ सांगणारे) अध्यायही सोबत घ्या. रोहिणीला शनी किंवा मंगळाची पीडा ही तिथे अरिष्टाची ठरलेली खूण आहे, ती कुठल्याही मोठ्या संहाराआधी घालता येते. आधी भीष्मपर्वातली कोणती लक्षणे या याद्यांत जशीच्या तशी सापडतात ते वेगळे करा. उरतील ती मोजकी विधाने गणिताला घ्या. तेरा दिवसांच्या पक्षाचे विधान बहुधा उरेल, कारण तिथे वक्ताच म्हणतो की अशी अमावास्या मला माहीत नाही.